अनुशेषाची समीक्षा : कोळशातील मानवाकृती आणि वेदनेचे वाचन

कोळशाने काढलेल्या मानवाकृतींविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातील मुख्य विधान वाचकाला आता लेख न उघडताही सांगता येईल. रेषा काळी आहे, आकृती वाकलेली आहे, चेहरा पुसट आहे. म्हणून चित्रात माणसाची वेदना साकार झाली आहे. चित्रकार मराठवाड्यातला असेल तर या विधानाला पुरवणी जोडली जाते : ही वेदना दुष्काळाची आहे. तो लातूर जिल्ह्यातला असेल तर ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट समीक्षकाच्या मदतीला येते आणि वेदना किल्लारीची होते. एवढे झाले की समीक्षा संपते. रेषेविषयी एक अक्षरही न लिहिता रेखाटनाचा गौरव पूर्ण होतो.

हा दोष दैनिकांच्या पुरवण्यांपुरता असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु मराठीत चित्रकलेविषयी लिहिणारे बहुसंख्य लोक साहित्याचे अभ्यासक असतात आणि ते साहित्यसमीक्षेची हत्यारे घेऊनच चित्रापुढे उभे राहतात. त्यामुळे कोळशाच्या आकृतीविषयी जे चुकीचे लिहिले जाते, ते साहित्यसमीक्षेतूनच तेथे गेलेले असते. चित्रापुढे ते उघडे पडते, इतकेच. कथेत किंवा कवितेत ‘वेदना’ हा शब्द निदान शब्दांच्याच प्रदेशात वावरतो. चित्राच्या कागदावर तो कोठेच नसतो. तो बाहेरून आणावा लागतो, आणि आणणाऱ्याचा हात त्यामुळे स्पष्ट दिसतो.

या समीक्षेचा पहिला आधार माध्यमाच्या रूपकात आहे. कोळसा म्हणजे जळून उरलेले लाकूड. जे जळाले ते दुःखाचे. म्हणून कोळशाचे चित्र दुःखाचे. हा युक्तिवाद इतका भाबडा आहे की तो कोणी उघडपणे मांडत नाही. पण तो गृहीत धरल्याशिवाय पुढची वाक्ये उभी राहत नाहीत. देगाने आपल्या उत्तरायुष्यात स्नान करून अंग पुसणाऱ्या स्त्रिया कोळशाने पुन्हा पुन्हा रेखाटल्या. पाठीची एकच कड चार-चार वेळा काढलेली, आधीची न पुसता नंतरची तिच्या शेजारी ठेवलेली. त्या चित्रांत शोक नाही. वळणाऱ्या शरीराचा तोल शोधण्याची हट्टी एकाग्रता आहे. मातीसने १९३० नंतरच्या दशकात कोळशाच्या आकृती काढल्या, पुसल्या, पुन्हा काढल्या, आणि पुसल्याच्या करड्या छाया कागदावर राहू दिल्या. त्यांतून जाणवतो तो विसावा. याच्या उलट, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची जी रेखाटने भारतीय कलेत सर्वांत हलवून टाकणारी ठरली, ती कोळशाची नव्हेत. झैनुल आबेदीन यांनी ती कुंचल्याने आणि काळ्या शाईने काढली; चित्तप्रसाद यांचेही त्या काळातले काम मुख्यतः शाईचे आहे. दुःख कोळशात साठवलेले असते आणि कांडी कागदावर घासली की ते झडते, अशी काही रासायनिक व्यवस्था नाही.

मग कोळशात विशेष काय आहे? तो कागदाला घट्ट धरून राहत नाही. त्याचा कण कागदाच्या दाण्यात अडकतो. बोटाने, कापडाने, पावाच्या मऊ गोळ्याने तो उचलता येतो. मात्र उचलला तरी पूर्ण जात नाही. कांडीचे टोक टेकवले तर तीक्ष्ण रेषा मिळते, कांडी आडवी धरून ओढली तर रुंद पट्टा मिळतो, आणि या दोन्हींमधला बदल एकाच हालचालीत, मनगट किंचित वळवून साधतो. हाताचा दाब जसाच्या तसा उमटतो. चुकलेला निर्णय आणि त्याची दुरुस्ती, दोन्ही दिसत राहतात. म्हणजे कोळसा ज्याची साक्ष देतो ते दुःख नव्हे; तो पाहण्याच्या आणि ठरवण्याच्या क्रियेची साक्ष देतो. अभिव्यक्तिपूर्ण रेखाटन असे ज्याला म्हणतात, त्याची अभिव्यक्ती या क्रियेत असते. विषयात ती असेलच असे नाही.

येथे ‘अभिव्यक्ती’ या शब्दाचा मराठीतला गोंधळ तपासणे भाग आहे. क्रोचेच्या वाटेने पुढे गेलेल्या कॉलिंगवुडने ‘द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’ (१९३८) मध्ये तीन गोष्टी वेगळ्या केल्या. भावना व्यक्त करणे ही एक. तिचे वर्णन करणे ही दुसरी. आणि तिची लक्षणे बाहेर पडू देणे ही तिसरी. वर्णन भावनेला एका जातीत घालते, तिला सामान्य करते. लक्षणे तर रडणाऱ्या मुलाच्याही चेहऱ्यावर असतात. त्यांना कलेची गरज नाही. व्यक्त करणे म्हणजे या एका भावनेला तिच्या वेगळेपणासह आकार देणे, आणि तो आकार मिळेपर्यंत ती काय आहे हे कलावंतालाही ठाऊक नसणे. मराठी समीक्षक कॉलिंगवुडचे नाव घेतो, ‘आविष्कार’ हा शब्द वापरतो, आणि प्रत्यक्षात चित्रात लक्षणे शोधून त्यांचे वर्णन करतो. उघडे तोंड, आभाळाकडे उचललेले हात, बरगड्या. लक्षणे सापडली की आविष्कार सिद्ध झाला, असे तो मानतो.

यासाठी ऑक्सफर्डपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नव्हती. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात रसदोष सांगताना आरंभीच स्वशब्दवाच्यता सांगितली आहे : रस, स्थायी किंवा व्यभिचारी भाव यांचा त्यांच्याच नावाने उल्लेख करणे हा दोष होय. करुण हा शब्द लिहिल्याने करुण उत्पन्न होत नाही. विभाव-अनुभावांच्या योजनेतून तो प्रतीत व्हावा लागतो. रेखाटनातही या दोषाचे रूप असते. वेदनेने वेडावाकडा झालेला चेहरा काढून त्याच्या आधारावर दुबळे शरीर तारून नेणे, ही चित्रातील स्वशब्दवाच्यताच होय. अशा चित्राची समीक्षा करताना ‘वेदना’ हा शब्द लिहिणारा समीक्षक चित्रकाराचाच दोष दुसऱ्यांदा करीत असतो. आणि ज्या चित्रात तो दोष नाही, त्यावर तो हा शब्द लिहून दोष लादत असतो.

उदाहरणासाठी केटे कोलविट्झचे एक रेखाटन घ्यावे. तिचे नाव या समीक्षेत वारंवार येते, कारण तिचा मुलगा १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला आणि मातृशोक हा तिच्या कामाचा एक मोठा विषय आहे. पण तिचे १९३३ मधले, रेखाटन करीत असलेल्या स्वतःचे कोळशाचे चित्र काय सांगते? त्या वर्षी जर्मनीत नाझी सत्तेवर आले आणि तिला प्रशियाच्या कला अकादमीतून बाहेर पडावे लागले. चित्रात ती बाजूने दिसते. डोके संयमाने, छायाप्रकाशासह घडवलेले आहे. दुसऱ्या टोकाला कांडी धरलेला हात आहे. तोही नेमका आहे. या दोहोंमध्ये जो बाहू असायला हवा, तेथे बाहू नाही. तेथे आडवी धरलेली कांडी झपाट्याने वरखाली ओढून केलेला नागमोडी, जाड, जवळजवळ हिंस्र पट्टा आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ही जागा रिकामी आहे. पण डोक्याकडून हाताकडे जाणारी सगळी शक्ती त्याच जागेत आहे. तोंड मिटलेले आहे. हात उंचावलेले नाहीत. चित्रात जे व्यक्त झाले आहे त्याला शोक, संताप, निर्धार यांपैकी कोणतेही एक नाव पुरत नाही. आणि बाहूच्या जागचा पट्टा वगळून त्याविषयी काहीही बोलता येत नाही. ज्याने या पट्ट्याविषयी लिहिले नाही त्याने हे चित्र पाहिलेले नाही, मग त्याने १९३३ विषयी कितीही लिहिले असो.

आता लातूरकडे यावे. डाळींच्या आणि तेलबियांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या तेथील आडत बाजारात पोते पाठीवर घेऊन चालणारा हमाल ही रेखाटनाची फार कठीण परीक्षा आहे. ओझे पाठीवर आले की शरीर कमरेतून पुढे झुकते. ते हताश झाल्यामुळे झुकत नाही, पोत्याचा आणि स्वतःचा मिळून जो भार होतो त्याचा मध्य पावलांवर आणण्यासाठी झुकते. गुडघे थोडे मोडलेले राहतात. पावले एरवीपेक्षा अधिक फाकतात आणि टाच पूर्ण टेकते. मान पुढे येते, नजर दोन पावलांवरच्या जमिनीवर असते, एक हात मागे जाऊन पोत्याचा कोपरा धरतो. गवंडी ओळंबा सोडतो तशी एक रेषा मनात त्या भाराच्या मध्यातून खाली सोडली, तर ती दोन पावलांच्या मध्ये पडली पाहिजे. ती बाहेर पडली तर माणूस कोसळेल. तो कोसळत नसेल तर पोते रिकामे आहे.

दुबळ्या रेखाटनात नेमके हेच घडते. पोत्याची बाह्यरेषा प्रथम काढली जाते, मग चेहरा, मग चेहऱ्यावरच्या सुरकुत्या. पावले शेवटी, उरलेल्या जागेत येतात. टाच जमिनीवर नसतेच. पोत्याला वजन नाही म्हणून खांद्याला दाब नाही, खांद्याला दाब नाही म्हणून मान उगीचच वाकली आहे, आणि या उगीच वाकलेल्या मानेला समीक्षक कष्टकऱ्याची व्यथा म्हणतो. चांगल्या रेखाटनात पोते आणि खांदा यांच्यामधली रेषा बहुधा हरवलेली असते. दोघांचा काळा एकमेकांत दाबला गेलेला असतो, आणि सर्वांत जड कोळसा चेहऱ्यावर नव्हे, पोटरीच्या खाली आणि टाचेखाली पडलेला असतो. अशा चित्रातला हमाल दयेची याचना करीत नाही. तो एक अवघड काम जाणकारीने करीत असतो, आणि त्याची ती जाणकारी चित्रकाराला कळलेली असते. वेदनेच्या समीक्षेला ही जाणकारी दिसत नाही. तिला फक्त वाकलेपण दिसते.

गेल्या काही दशकांत या भावुक वाचनाला पर्याय म्हणून दुसरे एक वाचन पुढे आले. चित्र ही संहिता, आकृती हे चिन्ह, काळा हा एक संकेत. शरीराची विल्हेवाट लावण्याच्या बाबतीत हे वाचन पहिल्याचे सख्खे भावंड आहे. पहिले आकृतीचे भाषांतर भावनेत करते, दुसरे सत्तासंबंधांत करते. भाषांतर होताच मूळ टाकून देण्यात दोघांचे एकमत आहे. नेल्सन गुडमनने ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ (१९६८) मध्ये हृदयाच्या ठोक्यांचा आलेख आणि होकुसाईने काढलेली फुजी पर्वताची रेषा शेजारी ठेवून पाहिली. दोन्ही वळणे अगदी सारखी असू शकतात. आलेखात रेषा जाड आहे की बारीक, फिकट आहे की गडद, याने काहीच बिघडत नाही. रेखाटनात यांतली एकही गोष्ट बाजूला टाकता येत नाही. गुडमन स्वतः चिन्हव्यवस्थांचा मीमांसक होता, आणि तरीही किंवा त्यामुळेच त्याने हा भेद केला. आपल्याकडचे चिन्हवादी समीक्षक मात्र हमालाचे रेखाटन आलेखासारखे वाचतात : वळण खाली गेले, म्हणजे शोषण.

मराठी सौंदर्यविचाराचा इतिहास पाहता हा उलटा प्रवास विशेष खेदाचा आहे. मर्ढेकरांनी संवेदनांच्या संवाद-विरोध-समतोल या संबंधांतून लयीची कल्पना मांडली, ती दृक्‌ आणि नादाच्या कलांना सहज लागू पडत होती. साहित्याजवळ आल्यावर त्यांना भावनानिष्ठ समतानतेची जोड द्यावी लागली. चित्राचा नमुना साहित्यावर लावल्यामुळे ही ओढाताण होते, हा त्यांच्यावरील एक प्रमुख आक्षेप. आज त्याच्या उलट घडत आहे. साहित्यसमीक्षेतला नमुना, आणि तोही तिच्या सर्वांत निष्काळजी रूपातला, चित्रावर लावला जातो आणि त्याची ओढाताण कोणाला जाणवतही नाही. द. ग. गोडसे यांनी १९६३ मध्ये आपल्या पुस्तकाला ‘पोत’ हे नाव दिले. मराठी समीक्षेला तेव्हापासून एक असा शब्द उपलब्ध आहे, की जो कागदाच्या दाण्यापासून संस्कृतीच्या विणीपर्यंत नेता येतो. तो शब्द आज साड्यांच्या जाहिरातीत अधिक आढळतो.

नांदेडची गोष्ट तर निराळीच आहे. तेथील पीपल्स कॉलेजात शिकवणाऱ्या नरहर कुरुंदकरांनी (१९३२-१९८२) मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्राची आणि भरताच्या नाट्यशास्त्राची चिकित्सा केली. ‘रूपवेध’ हे त्यांच्या एका समीक्षाग्रंथाचे नावच आहे. कुरुंदकर रूपवादी नव्हते. कलेचा जीवनाशी असलेला संबंध ते कधीही सोडायला तयार नव्हते. पण त्यासाठी तर्काला सवलत द्यावी असे त्यांना वाटले नाही, आणि आपण मराठवाड्यातून बोलतो म्हणून आपला युक्तिवाद सैल चालेल असेही वाटले नाही. त्यांच्याच गावातल्या चित्रप्रदर्शनांना पुढच्या पिढीने जी भाषा वापरावी, ती सवलतीची असावी?

सवलत हाच येथे कळीचा शब्द आहे. १९८४ मध्ये दांडेकर समितीने प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला. १९९४ मध्ये मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ आले, आणि २०२० मध्ये त्याची मुदत संपली. सिंचन, रस्ते, वीज यांच्या बाबतीत अनुशेष ही कल्पना न्याय्य आहे आणि तो भरून मिळावा ही मागणीही न्याय्य आहे. परंतु समीक्षेने हीच कल्पना उचलून कलेला लावली. मराठवाड्यातील कलाकृतीला तिच्या प्रदेशाच्या दुःखाबद्दल काही गुण आगाऊ द्यायचे, आणि उरलेली उत्तरपत्रिका तपासायची नाही. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ (१९७१) या कादंबरीचेही असेच झाले. खेड्यातल्या शिंप्याच्या घराची होणारी वाताहत म्हणून तिच्यावर अश्रू पुष्कळ ढाळले गेले; ती शिंप्याच्या बायकोच्या तोंडून सांगितली जाते, तिच्या बोलीची मर्यादा हीच कथनाची शिस्त आहे, आणि जे ती सांगू शकत नाही ते त्या मर्यादेमुळेच वाचकाला कळते, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. अनुभव अस्सल आहे, असे प्रमाणपत्र दिले की रचनेकडे पाहण्याचे श्रम वाचतात.

या सवलतीला एक शैक्षणिक बाजूही आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९१९ नंतर प्रत्यक्ष मॉडेलवरून मानवी शरीराचा अभ्यास करण्याचा वर्ग सुरू केला. तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होती. मुंबईच्या शिक्षणव्यवस्थेशी त्यांचा संबंध १९५६ नंतर जडला. आजही या भागातल्या बहुतेक विद्यार्थ्यांची मानवाकृतीशी पहिली ओळख शासकीय रेखाकला परीक्षेच्या स्मरणचित्रात होते, म्हणजे माणूस समोर न ठेवता. फेटा आला की शेतकरी, टोपली आली की बाजारची बाई. शरीर वेषावरून ओळखायचे असते, भारावरून नाही. या सवयीतून बाहेर पडण्यासाठी जो विद्यार्थी नांदेडच्या स्थानकावर किंवा लातूरच्या गंजगोलाईत वही घेऊन तासन्‌तास उभा राहतो, त्याला कोणीतरी सांगायला हवे असते की या पानावरची टाच टेकली आहे आणि त्या पानावरची टेकलेली नाही. समीक्षा त्याला सांगते की त्याच्या दोन्ही पानांवर मराठवाड्याचे दुःख आहे.

यावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो टाळता कामा नये. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्या पार्श्वभूमीवर टाचेचा आणि ओळंब्याचा हिशेब करणे हे निर्दयपणाचे नाही काय? आक्षेपामागची भावना खरी आहे, निष्कर्ष खोटा आहे. चित्तप्रसादांनी १९४३ मध्ये मिदनापूर भागात फिरून दुष्काळग्रस्तांची जी रेखाटने केली, त्यांच्यासोबत ते माणसाचे नाव, गाव, त्याची हकिकत लिहीत. ‘हंग्री बेंगॉल’ ही त्यांची पुस्तिका ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळली. तेथेही चित्राला शब्दांची जोड होती, पण ते शब्द भावनेचे नाव सांगत नव्हते, माणसाचे सांगत होते. आणि रेखाटनात त्या माणसाचेच गुडघे होते, त्याच माणसाची बसण्याची पद्धत होती. सर्वांना लागू पडणारे उघडे तोंड तेथे चालले नसते, कारण खाली नाव लिहिलेले होते. निर्दय असेल तर ती समीक्षा, जी एका विशिष्ट माणसाचे शरीर एका जिल्ह्याच्या दुःखाचा नमुना म्हणून वापरते आणि त्या शरीराकडे पाहत नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेल्या प्रदर्शनानंतर तरुण चित्रकार आपल्याविषयी छापून आलेले वाचतो. त्यात त्याच्या सर्वांत कच्च्या चित्राचे छायाचित्र असते, कारण त्यातला चेहरा सर्वांत बोलका होता. ज्या एका कागदावर खांदा आणि पोते यांच्यामधली रेषा त्याने तीनदा पुसून शेवटी हरवू दिली, त्याचा उल्लेखही नसतो. तो हुशार असतो. आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे त्याला लगेच समजते. पुढच्या वर्षी कोळसा अधिक काळा होतो, तोंड अधिक उघडते, आणि टाच होती तेथेच, जमिनीपासून बोटभर वर राहते.